रक्तातला राग आणि नारळाची झावळी

वटारच्या वाडीतलं ते प्रकरण आठवलं की मला अजून हसू येतं. हे हसू अर्थात नंतरचं. त्या सकाळी माझ्या ठाण्यात एक तरुण अटकेत होता आणि दिवस भरलेली त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसून होती.

फिर्यादी त्यांचा शेजारी, केसांना मेंदी लावणारा रुबाबदार बागायतदार. आदल्या संध्याकाळी तो आपल्याच नारळाच्या वाडीत डोकं फुटून पडला होता. दवाखान्यात त्याने जबाब दिला, याच तरुणाने मागून दांडा घातला. त्याच दुपारी पाटाच्या पाण्यावरून या तरुणाने त्याला "डोकं फोडीन" असं चारचौघांत ऐकवलं होतं. आमच्या खबऱ्याने तर तपासच संपवला. "साहेब, आजा मारामाऱ्या करायचा, बापपन तसाच. हा कुठं जाईल? रक्तच तसलं."

चौकशीत तरुण एकच सांगत होता, "मी हात नाय लावला." तेवढ्यात त्याचा वकील मेहुणा मोबाईलवर काहीबाही वाचून आला. "दाजी, कबूल करून टाका. राग जीन्समध्येच असतो. कोर्टात तेच मांडू, शिक्षा कमी होईल."

बायको ताडकन उठली. "म्हंजे माज्या पोराच्या रक्तात पन तेच? मंग साहेब, पोटातल्याचं नाव पन आताच लिवून घ्या!"

ठाणे अंमलदाराने हसू दाबलं. मला मात्र तिचं म्हणणं पटलं. गुन्हा कृत्याचा नोंदवतात, घराण्याचा नाही. मी पंच घेऊन वाडीत गेलो.

आमच्या भागात पडलेली झावळी कोणी तशीच पडून राहू देत नाही. फिर्यादीची बायको ओट्यावर बसून झावळीच्या पात्यांतले हीर सोलत होती, खराटा होत आला होता.

"ही झावळी कधी पडली, काकू?"

"काल सांजच्याला. यांना उचलून न्यायचं तर ही आडवी. म्हनून वडून ठेवली."

"कुठे होती?"

"यांच्या बाजूलाच की." बोलता बोलता तिचा हात थांबला.

झावळीचं जाड बूड चुलीसाठी भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्यावर सुकलेलं रक्त आणि मेंदीचे लाल केस. घटनास्थळी उभं राहून वर पाहिलं, तर आणखी एक सुकी झावळी लोंबत होती. पंचांसकट आम्ही सगळे पटकन बाजूला झालो.

बूड जप्त करून प्रयोगशाळेत पाठवलं. जामिनाला आम्ही विरोध केला नाही, तरुण बाळंतपणाआधी घरी पोचला. पुढे अहवाल आला, रक्त फिर्यादीचंच. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून प्रकरण बंद करायला कोर्टात सी समरी अहवाल पाठवला.

तापटपणा घराण्यातून येतही असेल, ते शास्त्रज्ञांनी बघावं. त्या तरुणाचा आवाज आजही चढतो आणि पाटाच्या पाण्यावरून दोघांचं अजून वाजतं. पण रक्त तपासून प्रयोगशाळेने ते कोणाचं एवढंच सांगितलं. कोण कोणाला मारेल, हे तिने सांगितलं नाही. तपास अधिकाऱ्यानेही ते आधीच ठरवू नये, एवढं मी शिकलो.

मुलगी झाली. बारशाला केळ्यांचा घड घेऊन शेजारी सर्वांत आधी हजर. त्याने बाळाला उचलून घेतलं आणि तिने त्याची मिशी अशी मुठीत धरली की सोडेना.

"बगा, घरान्याचं रक्त!" खबरी ओरडला.

आई माझ्याकडे बघून हसली. "साहेब, लिवता का नाव?"

"फिर्यादी तयार असेल तर," मी म्हणालो.

फिर्यादी मिशी न सोडवता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.