पासपोर्टचा कायदा

देवळीच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानासमोर एका सिंधी निर्वासिताने पाल ठोकलं आणि माझी गिऱ्हाइकं तिकडे वळली. बायकांना तो कापडाचं थान उलगडून उन्हात धरून दाखवी. मी नुसता जळत असे.

एकदा पेपरात आलं, पाकिस्तानात जायला-यायला आता पासपोर्ट लागणार. दिल्लीत त्यावरून वादावादी चाललेली. मी मुद्दाम त्याच्या पालात जाऊन ती बातमी मोठ्यानं वाचली.

त्यानं हातातलं थान हळूहळू गुंडाळलं.

“माझी आई तिकडंच राहिली,” तो म्हणाला. मग विचारलं, “शेठ, तुमचं गाव कुठे?”

“हे काय, दोन कोसावर.”

“कागद न दाखवता जाता?”

“कागद कायले लागते?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. माझा हेवा करणारा माणूस मला आयुष्यात तेवढाच भेटला.