खोक्यातला गजर

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शेजारचं मुलींचं हॉस्टेल रिकामं करावं लागतं. आसामला घरी निघालेली जोनाली आपली खोकी आमच्या हॉलमध्ये ठेवून गेली. “काकू, कॉलेज उघडलं की नेते,” म्हणाली. आतलं गजराचं घड्याळ बंद करायला मात्र विसरली. रोज पहाटे त्या खोक्यांच्या ढिगातून ते किणकिणत राहतं.

“खोकं उघड आणि सेल काढून टाक,” हे वैतागतात.

दुसऱ्याच्या सामानाला हात कसा लावायचा, म्हणते मी. खरं तर आमची लेक शिकायला परराज्यात गेल्यापासून या घरात सकाळी उठवायला कुणी उरलंच नाही. आज गजर झाला तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते, चांगली जागी. तरी तोंडून निघून गेलंच, “ऊठ गं, चहा झालाय.”