ताईंनी रिसॉर्ट ढगात नेलं

माझ्या नणंदेइतका उत्साह देवाने एकाच माणसाच्या अंगात भरायला नको होता. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत तो घरटी वाटला असता तरी उरला असता, आणि उरलेला शेजारच्या सोसायटीला देता आला असता. माझ्या नवऱ्याची ही मोठी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणायच्या, "अगं, वेळच मिळाला नाही!" आणि ते अगदी खरं होतं. एखादी गोष्ट आवडली की ताईंना ती एकट्याने करता येत नसे, सगळ्या घराला त्यात ओढल्याशिवाय त्यांचं समाधानच होत नसे. त्या पोहायला शिकल्या तेव्हा आम्हा सगळ्यांना बादलीत तोंड बुडवून श्वास सोडायला लावला होता. माझे सासरे जन्मभर गिरणीत राबलेले, मालवणकडचे, लहानपणापासून खाडीत डुंबलेले. त्यांनाही सूट मिळाली नाही. नोकरीतल्या गुजराती शेठशी बोलता यावं म्हणून ताई गुजराती शिकल्या, तर महिनाभर आमच्या घरात मीठसुद्धा गुजरातीत मागावं लागत होतं. फोनवर तर त्या अशा बोलत की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच पडू नये. एकदा गॅलरीतून त्यांनी "हॅलो, कोण बोलतंय?" असं विचारलं, तर खालून वॉचमन म्हणाला, "मी बोलतोय, मॅडम."

ताई खाडीपलीकडच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजर होत्या. रोज सकाळी फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. नारळाची झाडं, पोहण्याचा तलाव, घसरगुंड्या, खोट्या पावसात नाचायचा रेन डान्स, दोन हॉल आणि काही खोल्या, असं ते रिसॉर्ट होतं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, कुठून कुठून माणसं एका दिवसाच्या सहलीला येत. बुकिंग तीन ठिकाणी असायचं. थोडं रिसेप्शनमागच्या पांढऱ्या फळ्यावर, थोडं स्टोअररूममधल्या जुन्या कॉम्प्युटरात आणि बाकी सगळं ताईंच्या डोक्यात. फोन सांभाळायला ग्लोरिया होती. पलीकडच्या गावातलीच, ताईंहून थोडी लहान, अत्यंत शांत. ताई रिसॉर्टभर वादळासारख्या फिरायच्या आणि ग्लोरिया एका जागी बसून त्या वादळात उडालेल्या वस्तू गोळा करायची.

खाऱ्या हवेने एक दिवस त्या कॉम्प्युटरचा जीव घेतला. त्याच्याबरोबर लग्नसराईची निम्मी बुकिंगं गेली. तेव्हा शेठची मुलगी पुढे आली. ती मॅनेजमेंट शिकून आली होती आणि सगळे तिला छोट्या मॅडम म्हणत. तिने जाहीर केलं की आता सगळं क्लाउडवर जाणार. बुकिंग, खोल्या, किचनच्या ऑर्डरी, बिलं, सगळं. रिसॉर्टमध्ये एकही मोठं यंत्र ठेवायचं नाही, सगळ्यांच्या हातात टॅब्लेट द्यायचे. आणि हे सगळं पार पाडायचं काम ताईंकडे आलं.

मला वाटलं होतं, वयाच्या या टप्प्यावर ताई कुरकुर करतील. त्या दिवशी त्या पेढे घेऊन घरी आल्या आणि माझ्या हातात एक ठेवत म्हणाल्या,

"नमे, आपण ढगात जातोय!"

सासरे टीव्ही बघत होते. त्यांनी मान वळवली. "माजा कायएक त्या ढगात घालू नको हां. मी हंयच बरो आसंय."

पण ताईंनी तोवर ठरवून टाकलं होतं की रिसॉर्टवर करण्याआधी हा प्रयोग घरी व्हायला हवा. आमच्या चौघांच्या फोनवर एक सामायिक तक्ता आला. त्यात बाथरूम ही 'खोली नंबर एक' आणि स्वयंपाकघर हे 'किचन'. सकाळी आंघोळीला जायचं तर आधी बुक करायचं, आत गेल्यावर चेक-इन, बाहेर आल्यावर चेक-आउट. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी चेक-आउट केलं नाही. ते आंघोळ करून, देवपूजा करून, बाजारातून बांगडे घेऊन परत आले तरी सिस्टिमप्रमाणे बाथरूममध्येच होते. नवऱ्याला ऑफिसला उशीर होत होता. तो टॉवेल खांद्यावर टाकून रिकाम्या बाथरूमसमोर उभा, आणि ताई त्याला आत जाऊ देईनात. "शिस्त म्हणजे शिस्त! पाहुणा आत आहे!" शेवटी त्याला 'वॉक-इन', म्हणजे बुकिंगशिवाय आलेला पाहुणा, म्हणून घेतलं. मी ओट्यापाशी उभी असताना दोन हात अंतरावर बसलेल्या ताई फोनवरून चहाची ऑर्डर टाकायच्या आणि मी चहा दिला की म्हणायच्या, "अगं, ऑर्डर 'स्वीकारली' असं दाब ना! नाहीतर मला कसं कळणार चहा येतोय?" चहा तोवर त्यांच्या हातात असे.

हसून हसून आमची वाट लागायची. पण रिसॉर्टवर त्यांनी ते काम खरंच मनापासून केलं. खोल्या आवरणाऱ्या बायका टॅब्लेटला हात लावायला घाबरायच्या. ताईंनी त्यांना आधी त्यावर आपल्या नातवंडांचे फोटो बघायला शिकवलं, मग मासळीचे व्हिडिओ आणि मग हळूच बुकिंग. ग्लोरिया तर इतकी तरबेज झाली की तिच्या बोटांकडे बघत राहावं. ताई तिच्यामागे उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. "झकास! झकास गं ग्लोरिया!" ग्लोरिया न वळता म्हणायची, "ताई, गेस्ट फोनवर आहे."

नवी सिस्टिम सुरू व्हायची तो रविवार ठरला. ताईंनी आम्हा सगळ्यांना फुकट पाहुणे म्हणून बोलावलं होतं. फेरीबोटीत त्या माझ्याशेजारी बसल्या आणि चक्क गप्प होत्या. मी घाबरलेच.

"काय झालं, ताई?"

"छोट्या मॅडम म्हणतात, सिस्टिम आली की एवढी माणसं लागणार नाहीत. फोनवाली नको, आवरणाऱ्या दोघी कमी. कोणाला काढायचं ते मी सांगायचंय. आजच." त्या पाण्याकडे बघत होत्या. "मीच शिकवलं गं त्यांना. मीच टाळ्या वाजवल्या."

 मी त्यांचा हात धरला. बोट धक्क्याला लागली, आणि ताई उठल्या त्या पुन्हा नेहमीच्या ताई होऊन. "चला चला, पटापट! चेक-इन करायचंय!"

पुढे जे घडलं त्याला दोन पाटील कारणीभूत. एक पाटील घाटकोपरचे, निवृत्त हेडक्लार्क, ज्येष्ठ नागरिकांची सहल घेऊन येणार होते. दुसरे पाटील मुलुंडचे, त्यांच्या मुलाची हळद होती. दोन्ही बुकिंगं त्याच रविवारची. आदल्या दिवशी ताई सिस्टिममध्ये शेवटची साफसफाई करत होत्या. 'ही दोन्ही बुकिंगं एकच आहेत का?' असं सिस्टिमने विचारलं. पोरींनी चुकून दोनदा भरलं असेल, असं समजून ताईंनी झोकात 'हो' दाबलं, आणि सिस्टिमने दोघांच्या ऑर्डरी एकमेकींत मिसळून दोन्ही पाटलांचा बिनबोभाट एक पाटील करून टाकला.

आधी ज्येष्ठ नागरिक आले. फाटकावर टॅब्लेट म्हणत होता, 'पाटील, नवरदेवाचं स्वागत'. ग्लोरियाने विचारलं, "पाटील कोण?" पांढरी टोपी घातलेले पाटील आजोबा पुढे झाले, "मीच." ग्लोरिया क्षणभर थबकली, पण टॅब्लेटवर ताईंचा केवढा विश्वास! तिने खूण केली. ढोल वाजला, गळ्यात भला मोठा हार पडला, दोन बायकांनी ओवाळून त्यांच्या गालांना हळद लावली.  आजोबा मागे वळून मंडळींना म्हणाले, "अहो, माझ्या लग्नातसुद्धा एवढं केलं नव्हतं कोणी!" एक आजी लगेच म्हणाल्या, "मग आता नवरी कोण, तेही सांगा!" सगळा संघ खिदळत आत गेला.

मग हळदीची बस आली. त्यांच्या हॉलमध्ये गाद्या घातलेल्या, कोपऱ्यात भजनाचे टाळ, आणि टेबलांवर मऊ मुगाची खिचडी, दुधी आणि बिनसाखरेची खीर. नवरदेवाला मिळालेल्या खोलीत पलंगाला धरायला कठडा आणि उशाशी बेल. नवऱ्या मुलाची आई झाकणं उघडत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"आमच्यात हळदीला मटण असतं! खिचडी? पाहुण्यांसमोर नाक कापलंत आमचं! कोण आहे मॅनेजर?"

मटण शिजलेलं होतं. ते सिस्टिमप्रमाणे बरोबर दुसऱ्या हॉलमध्ये गेलं होतं, आणि तिथे निम्मे ज्येष्ठ नागरिक दरवाजाकडे पाठ करून ते चापत होते. मी डोकावले तर एक काका रस्सा भुरकत म्हणाले, "आमच्या सुनेला कळवू नका हां." उरलेले रेन डान्सखाली. डीजे त्यांच्या नावावर लागला होता. काठ्या भिंतीशी उभ्या करून आज्या एकमेकींचे हात धरून गोल फिरत होत्या.

छोट्या मॅडम धावत आल्या. ग्लोरियाकडे बघून म्हणाल्या, "हे कोणी केलं?" ग्लोरियाने टॅब्लेट छातीशी धरला.

ताईंनी त्या दोघींच्या मधून वाट काढली, डीजेचा माईक हिसकावून घेतला आणि खुर्चीवर चढल्या. माईकची त्यांना गरज नव्हती, पण हातात आला म्हणून त्यांनी तो वापरला. साऱ्या खाडीला ऐकू गेलं.

"मंडळी, सिस्टिम ठीक आहे. पोरी हुशार आहेत. चूक माझी एकटीची! मी दोन पाटलांचा एक पाटील केला." त्या मुलाच्या आईकडे वळल्या आणि त्यांनी हात जोडले. "वहिनी, तुमच्या घरचं एवढं मोठं कार्य, आणि मी त्याचा विचका केला. मला काय बोलायचं ते बोला. पण पोराची हळद रागात नको लागायला."

 मुलाची आई तशीच उभी, डोळे भरलेले. तेवढ्यात पाटील आजोबा भिजलेल्या धोतरानिशी सावकाश पुढे आले. त्यांनी गळ्यातला हार काढला, नवरदेवाच्या गळ्यात घातला आणि आपल्या गालाची ओली हळद बोटावर घेऊन त्याच्या कपाळाला लावली.

"पहिली हळद आजोबाची," ते म्हणाले. "चालेल ना, बाळा?"

मुलगा वाकून त्यांच्या पाया पडला. त्याच्या आईने तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. "काका, मटण उरलंय का आमच्यासाठी?" एवढंच तिने विचारलं, आणि मग जे झालं त्याला मी धुडगूसच म्हणेन. दोन्ही हॉलची टेबलं एकत्र आली. आज्यांनी नवरदेवाला अशी हळद फासली की त्याची आईसुद्धा त्याला ओळखेना. माझे सासरे खिचडीवर मटणाचा रस्सा ओतून "ह्या झकास लागता" असं सगळ्यांना सांगत फिरले. छोट्या मॅडमना कोणीतरी रेन डान्सखाली ओढलं, आणि त्या आधी वैतागल्या आणि मग बाहेरच येईनात.

संध्याकाळी त्या ओल्या केसांनी रिसेप्शनशी आल्या. मी शेजारीच होते. ताई उभ्या राहिल्या.

"तुम्ही नाव विचारलं होतं ना? एकच आहे. माझं. या पोरींची आज एकही चूक झाली नाही. चूक करणारं माणूस मी. मला कमी करा."

छोट्या मॅडमनी केसांतलं पाणी पिळलं. मग म्हणाल्या, "त्या मुलाच्या आईने लग्नाची पूजासुद्धा इथेच बुक केलीय. ज्येष्ठ नागरिक पुढच्या महिन्यात परत येतायत, डीजेसकट." टेबलावरचा टॅब्लेट त्यांनी ग्लोरियाकडे सरकवला. "कोणी कुठे जात नाहीये, ताई. फक्त यापुढे तुम्ही 'हो' दाबायच्या आधी ग्लोरियाला विचारा."

ताई तिथेच मटकन बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. ग्लोरियाने त्यांना पाणी दिलं. 

पुढे शेठने मालवणच्या बाजूला एक जुनं रिसॉर्ट घेतलं. तेही क्लाउडवर न्यायचं होतं. एवढ्या उत्साहाचं माणूस दुसरं कोण होतं? ताई दोन बॅगा आणि भलताच आनंद घेऊन गेल्या. सासरेही मागोमाग गेले, गावी राहायला मिळेल म्हणून. आता आमच्या घरी ज्याला जेव्हा हवं तेव्हा तो आंघोळ करतो. चहा मी करते आणि आम्ही दोघं गुपचूप पितो.

मागच्या रविवारी सहज पलीकडे गेले होते. रिसॉर्टवर गर्दी होती, पण गडबड कुठेच नव्हती. प्रत्येकाला आपापली खोली, आपापलं जेवण. आवरणाऱ्या बायका टॅब्लेटवर खुणा करत शांतपणे फिरत होत्या. ग्लोरियाने मला चहा पाजला आणि ताईंची चौकशी केली. मी म्हटलं, "छान आहेत. तिकडच्या स्वयंपाक्याला गुजराती शिकवतायत."

ती हसली. "इथे आता कोणी ओरडत नाही. पहिला आठवडा इतकं बरं वाटलं होतं मला!"

निघताना ती मला जेट्टीपर्यंत सोडायला आली. बोरीवलीकडून बोट येत होती. ती लागली, माणसं उतरू लागली, पिशव्या, पोरं, टोप्या. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की त्यात आमच्या ओळखीचं कोणी नाही. तरी शेवटचं माणूस उतरेपर्यंत आम्ही बघत उभ्या राहिलो.