पंप धुवायचं पाणी

आज तुरीवर फवारणी चालू होती. औषधाचा उग्र वास नाकात शिरला आणि मला वडील आठवले.

याच रानात माझे अप्पा मालकाच्या तुरीला औषध मारायचे. काम झालं की बाकीचे गडी पंप ओढ्यात धुवायचे. खाली आमच्या वस्तीतल्या बाया त्याच ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं प्यायचं पाणी भरायच्या. म्हणून अप्पा घागरीनं पाणी वर मुरमाड माळावर न्यायचे आणि तिथं पंप धुवायचे. एकदा मालक खेकसला, “येळ कामून घालवायलास? ओढा तुझ्या बापाचा हाय का?”

“न्हाई मालक. बापाचा असता तर धुतलो असतो.”

दुसऱ्या दिवसापासून अप्पांचं काम बंद. घरात नुसत्या ज्वारीच्या कण्या. मला राग आला तो अप्पांचाच. “सगळेच धुतात की!” मी त्यांच्या अंगावर ओरडले होते.

पुढं मी मास्तरीण झाले, हीच जमीन विकत घेतली. आज फवारणी संपली आणि माझा गडी पंप घेऊन ओढ्यात उतरला. घागर माळावर न्यायला लावली तर उद्या तो कामाला येणार नाही म्हणे! मी बांधावर उभी होते, थोबाड बंद ठेवून.

सगळेच धुतात की.