दोष घडीच्या बाहेर

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळी गारवा. नळाला पाणी आले, पिंप भरून घेतले. वरच्या शिवलीलाचे कंपनीशी वाजले. दुपारी गिरिजाबाई येऊन बसल्या. रडल्या नाहीत, पण चहाही घेतला नाही.

डायरीत एवढेच आहे. शाळेत सिस्टरांनी शिकवले होते की घडले ते लिहा, वाटले ते देवाला सांगा. आज मात्र थोडे वाटलेलेही लिहिते.

भवानी पेठेतल्या माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत शिवलीला आणि तिची आई गिरिजाबाई राहतात. हे गेल्यावर मी वरचा मजला भाड्याने दिला. नातेवाईक म्हणाले, "पोरगी दिवसभर घरात असते, कॉम्प्युटरशी एकटीच बोलते. भाडेकरू बदला." मी म्हटले, घर माझे आहे आणि कानही माझे आहेत.

शिवलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर ॲडव्होकेट आहे. दारावरच्या पाटीवर 'ॲडव्होकेट' वाचून, वकीलच समजून, शेजारचे शिवलिंगप्पा एकदा यंत्रमागाच्या जागेच्या खटल्याचे कागद घेऊनच वर चढले होते. पहिल्याच दिवशी मी तिला विचारले, "नक्की करतेस काय?"

"आमची कंपनी प्रोग्रामर लोकांसाठी हत्यारं बनवते, आजी. ती कशी वापरायची ते मी त्यांना शिकवते. आणि त्यांना कुठं टोचतं ते कंपनीला सांगते."

"म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची."

"पगार तेवढा एकीकडूनच येतो," ती हसून म्हणाली.

तर मंगळवारी मी शेंगाचटणी द्यायला वर गेले, तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्या वरिष्ठ होत्या, पुण्याच्या प्रियदर्शनी मॅडम. कंपनीचे नवे हत्यार येणार होते. दुकानदाराने विक्री नोंदवताना इंटरनेट गेले, तरी नोंद फोनमध्ये राहते आणि इंटरनेट आले की आपोआप वर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरवर, पोचते, असा त्याचा गुण. गुरुवारी शेकडो प्रोग्रामरांसमोर शिवलीलाने घरूनच, ऑनलाइन, ते थेट चालवून दाखवायचे होते. पण नोंद वर जात असतानाच इंटरनेट तुटले, तर ती नाहीशी होत होती, आणि पडद्यावर मात्र 'जमा झाले' अशी हिरवी खूण उमटत होती. जनरेटरवर चालणाऱ्या ऑफिसात हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. आमच्याकडे वीज ऐन कामात जाते, म्हणून हिला सापडले.

"तो भाग गाळ," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात दुरुस्त करू. तुझ्याकडे वीज कुठे रोज जाते?"

"रोजच जाते, मॅडम. वापरणाऱ्यांकडेही जाते."

"शिवलीला, हे ऐकलं नाहीस तर तुझी नोकरी मला वाचवता येणार नाही."

शिवलीलाने पडदा बंद केला. शेजारचे माग खडखडत होते. खाटेवर बसलेल्या गिरिजाबाई म्हणाल्या, "गप ऐक की गं. पगार देणाऱ्याचं ऐकावं लागतंय."

"तू ऐकलं होतंस?"

गिरिजाबाई खाटेवरच्या चादरीची घडी घालू लागल्या. त्या वीस-बावीस वर्षे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात घडीवर होत्या. घडी घालणारीने टॉवेल उजेडात धरायचा आणि धागा तुटलेला दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे दोष घडीच्या बाहेर राहतो आणि माल वेगळा निघतो. एकदा परदेशी जाणारा माल घाईचा होता. मालक म्हणाला, दोरे सोडा आणि दोष आत घालून घड्या घाला. बाकीच्यांनी सोडले. गिरिजाबाईंनी सोडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हातात झाडू आला आणि निवृत्त होईपर्यंत झाडूच राहिला.

"म्हणूनच सांगते," दुपारी माझ्या ओट्यावर बसून त्या म्हणाल्या. "काकू, मी झाडू मारला, व्हय. पर हिच्या हातात झाडू नको की. लई शिकलीय पोर. तुमी तरी सांगा."

मी सांगितले नाही.

बुधवारी संध्याकाळी शिवलीला खाली आली. "आजी, मीटर तुमच्या बोळात आहे. उद्या मी फोन वाजवला की मेन स्विच खाली ओढाल? माझं बोलणं मोबाईलच्या इंटरनेटवर चालू राहील, फक्त ज्यावर हत्यार चालवून दाखवणार, ते घरचं वायफाय जाईल. मी सगळ्यांना आधीच सांगणार आहे, वीज मुद्दाम बंद करतेय म्हणून. चोरून काही नाही."

"आणि नोकरी?"

"गेली तर गेली. हिरवी खूण खोटी आहे, आजी. ती खरी म्हणून मी दाखवणार नाही."

"ओढीन," मी म्हटले. मला शहात्तरावे वर्ष चालू आहे. या वयात मला कोण कामावरून काढणार?

गुरुवारी दुपारी मी बोळात स्टूल ठेवून उभी राहिले. वरून तिचे इंग्रजी ऐकू येत होते, स्पष्ट, मागांच्या आवाजावर चढलेले. इतक्यात जिन्यावरून गिरिजाबाई धावत उतरल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"थांबा काकू."

"गिरिजाबाई, मी तिला शब्द दिलाय."

"सरका म्हणते मी. पोर माझी हाय. मीच ओढणार."

फोन वाजला. गिरिजाबाईंनी दोन्ही हातांनी मूठ खाली खेचली. माझा पंखा थांबला, फ्रीज थांबला. वरचा आवाज थांबला नाही. "आता बघा," शिवलीला इंग्रजीत म्हणाली, "खूण हिरवी आहे आणि नोंद कुठेच नाही. हे दुरुस्त होईपर्यंत हत्यार वापरू नका. दुरुस्त झालं की मीच पुन्हा याच घरातून दाखवीन."

"काय म्हणली?" गिरिजाबाईंनी विचारले.

"काठाला दोरा बांधला."

त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाका, काकू." मग आठवण झाल्यावर उठून वीज परत चालू केली.

आज शुक्रवार. सकाळी मॅडमचा फोन आला. प्रोग्रामरांच्या पत्रांचा पाऊस पडल्यामुळे कंपनीने नवे हत्यार दुरुस्तीपर्यंत थांबवले. पण शिवलीलाने माफीचे पत्र द्यावे, असे वरून ठरले होते.

"माझं काय चुकलं ते लिहून पाठवा," ती म्हणाली, "तेवढ्याची माफी मागते."

दुपारपर्यंत कुणी काही लिहून पाठवले नाही. संध्याकाळी निरोप आला. नोकरी राहील, मात्र यंदा पगारवाढ नाही आणि मार्चपर्यंत लोकांसमोर थेट बोलायचे नाही.

"म्हणजे तुला पण झाडूच दिला की गं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मार्चपर्यंतच. एप्रिलमध्ये परत मेन ओढायचा आहे, तयारीत राहा."

"मी कशाला मरतीय तवर," गिरिजाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. मेन स्विचची मूठ सैल झाली आहे. वायरमनला उद्या बोलावले आहे.