सगळ्यात लहान उपासिका

ताईची मुलगी सहा महिन्यांची असताना विहारात प्रसिद्ध झाली. भांडुपच्या आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी वंदना होते. ताई तिला मांडीवर झोपवून बसायची. सगळ्यांच्या आवाजानं ती जागी व्हायची आणि बाकीचे मूर्तीपुढे तीनदा वाकत तेव्हा तीही वाकायची. मान छातीकडे झुकायची, दोन्ही हात झटकन पुढे यायचे. मग सरळ. मग पुन्हा. शेजारच्या आजी कोपरानं ढोसून बायकांना दाखवायच्या, "बघा गं, एवढीशी पोर! कुणी शिकवलं तरी का हिला?"

पप्पांनी व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. पप्पा सफाई कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहितात, मी अक्षरओळख त्या पत्रकांवरच केली. आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत, अंगारा लावत नाहीत. "पुरावा काय?" हा प्रश्न मला बोलता यायच्या आधीपासून कानावर आहे. पण पोरीच्या या वाकण्याचा पुरावा घरात कुणी मागितला नाही. आम्हाला ते फार आवडलं होतं.

मागितला तो ताईनं. ती म्हणाली, "ही घरीही वाकते. प्रत्येक झोपेनंतर वाकते, तिथे कुठली आलीय वंदना? आणि मग रडते." तिला दुसरीच गोष्ट जास्त खात होती. आधी किल्ल्या वाजवल्या की पोर खदाखदा हसायची. आता वळूनही बघत नव्हती.

आई म्हणाली, "दात येत असतील." जवळच्या दवाखान्यात गॅस सांगून थेंब लिहून दिले. ताई ऐकेना. शेवटी घाटकोपरला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरबाईंनी पप्पांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला. आवाज बंद करून पुन्हा पाहिला.

"हे झटके आहेत. एपिलेप्सी."

"फिटमध्ये तोंडाला फेस येतो ना?" पप्पा म्हणाले.

"बाळांमध्ये कधीकधी एवढंच दिसतं, काका."

त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. झोपेत मेंदू रिकामा बसत नाही. बाळानं दिवसभर जे पाहिलं, ऐकलं, ते तो झोपेत लावून ठेवतो. तिथेच गोंधळ चालू असेल तर नवं शिकलेलं टिकत नाही, आलेलंही जातं. झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढायला हवा, आणि लवकर. औषध वेळेत सुरू झालं तर आशा बरी. "पण हमी मागू नका," त्या म्हणाल्या.

तपासणीच्या दिवशी डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही आणि तिथे पोचेपर्यंत तिला झोपू द्यायचं नाही. रिक्षात ताई, पप्पा आणि मी टाळ्या वाजवत, तिचे तळपाय चोळत बसलो. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "अहो, झोपू द्या ना लेकराला!"

खोलीत डोक्यावर वायरी चिकटवल्या, वर पट्टी बांधली. आता झोपायचं तर ही किंचाळायला लागली. ताईनं दूध पाजून पाहिलं, गाणं म्हटलं. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "झोपली नाही तर पुन्हा तारीख घ्यावी लागेल." म्हणजे औषधही तेवढं पुढे गेलं. ताईचा चेहरा उतरला.

मग ती एकदम म्हणाली, "पप्पा, प्रूफ वाचा."

घरी पप्पा पत्रकांची प्रुफं मोठ्यानं, विरामचिन्हांसकट, एका सुरात वाचतात, आणि पोरगी त्यावर झोपते. आज जवळ कागद नव्हता. त्यांनी जुनं पत्रक आठवून सुरुवात केली. "कामगार बंधुभगिनींनो, उद्गारचिन्ह. ठेकेदारानं हातमोजे दिलेले नाहीत, स्वल्पविराम, बूट दिलेले नाहीत, पूर्णविराम."

"काका, मलाच झोप येतेय," मशीनवरचा मुलगा म्हणाला.

"आमच्या साहेबांनाही येते," पप्पा म्हणाले आणि पुढे वाचत राहिले. दुसऱ्या मागणीपर्यंत ती झोपली.

डॉक्टरबाईंनी नंतर आम्हाला तो आलेख दाखवला. झोपेत लयीत येणाऱ्या लाटा दिसायला हव्यात म्हणाल्या. इथे रेषा कुठे उंच, कुठे तुटलेल्या. लय कुठेच नव्हती. त्याच दिवशी औषध सुरू झालं.

काही आठवड्यांत वाकणं थांबलं. पुन्हा काढलेल्या आलेखात गोंधळ ओसरला होता, लय अधूनमधून दिसत होती. पण पोर आधाराशिवाय बसत नव्हती आणि किल्ल्यांकडे वळत नव्हती.

मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा असं वाकत असेल तर व्हिडिओ काढा, स्टेटसला ठेवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि मागणी केली की ही तपासणी प्रत्येक उपनगरातल्या सरकारी रुग्णालयात झालीच पाहिजे, त्यासाठी भांडुपच्या बाळाला घाटकोपर गाठावं लागता कामा नये. पप्पांनी माझी सगळी विशेषणं कापली, मागणी ठेवली. ते पत्रक विहाराच्या दाराशी लावलंय.

गेल्या रविवारी वंदनेला सगळे तीनदा वाकले. पोर ताईच्या मांडीवर, तिला टेकून, न वाकता सगळ्यांच्या पाठी बघत होती. बरेच महिने गावी राहून आलेल्या शेजारच्या आजींना यातलं काही माहीत नव्हतं.

"काय गं, वंदना विसरली वाटतं ही?"

"विसरली, आजी. आम्हीच औषध देऊन विसरायला लावली. आजार होता तो." ताईनं तिथेच बसून त्यांना सगळं सांगितलं, किल्ल्यांचंही.

आजींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून पोरीच्या कानाशी हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. पोरीची मान सावकाश, अर्ध्यावर थांबत, आजींकडे वळली.

"हसली नाही गं," आजी म्हणाल्या. "परत वाजवू?"

"वाजवा ना," ताई म्हणाली.