मालक दारात उभा हवा

आत्याच्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे इतर दुकानांचा अपमान. चार मजली इमारतीच्या जिन्याखालची ती जागा. सरळ उभं राहिलं की डोकं सातव्या पायरीला लागतं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, समोर किल्ली घट्ट धरायचा शिकंजा, हाताशी ती घासायच्या चार कानशी, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ज्याचा एक पाय आखूड आहे. ही बाई कुलपाच्या पोटात काय चाललंय ते बोटांनी ओळखते, पण त्या स्टुलाचा पाय दुरुस्त करायला तिला तीस वर्षांत सवड झालेली नाही. गिऱ्हाईक डुगडुगत बसलं की पाल्हाळ लावत नाही, असं तिचं म्हणणं.

ही विद्या वडिलांची. आधी त्यांनी थोरल्या मुलाला, म्हणजे दादाला, शिकवून पाहिलं आणि हात टेकले. दादाने घासलेली किल्ली कुलपात जायची, पण बाहेर यायची नाही. तो हसत हसत बस कंपनीत कारकून झाला आणि कानस धाकट्या बहिणीच्या हातात आली. कानशीबरोबर एक नियमही आला. मालक दारात उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, आणि कुलूप सुटलं की पाठ फिरवायची. झाकण मालकाने उचलायचं. आपण तोवर भिंतीकडे तोंड करून हत्यारं मोजायची, तीही मोठ्याने, म्हणजे बाईचे डोळे कुठे आहेत ते मालकालाही कळतं.

हा नियम तिने जन्मभर पाळला आणि त्याचा तिला गर्वही होता, उगाच खोटं कशाला बोला. एकदा एक सुटाबुटातला गृहस्थ ‘किल्ली आत राहिली’ म्हणून तिला एका घरी घेऊन गेला. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "दाराच्या मागच्या खुंटीला काय लटकतंय?" गृहस्थ आधी हसला, मग चिडला, मग जिना उतरून जो गेला तो परत आलाच नाही.

पण हाच नियम घरात आडवा आला. दोन वर्षांपूर्वी दादा गेला. त्याच्या मागे कपाटावर एक लोखंडी पेटी निघाली, हातभर लांब, कडी उजवीकडे वाकलेली, कुलूप घातलेलं आणि किल्लीचा पत्ता नाही. दादाची मुलगी, आत्याची लाडकी भाची, पेटी उचलून थेट जिन्याखाली आली.

"उघड ना, आत्या. तुला काय, दोन मिनिटांचं काम."

"एका मिनिटाचं. पण मालक कुठाय?"

"मालक गेला ना गं." पोरीचा आवाज फुटला.

"मग मालकीण आहे. तुझ्या आईला इथे उभी कर."

वहिनींनी दोन शब्दांत विषय संपवला, "राहू दे." पेटी परत कपाटावर गेली. आत्याने कुलपाकडे वाकून बघितलंसुद्धा नाही. भाचीने मात्र अबोला धरला. लहानपणी ती रडायला लागली की चारही मजले जागे व्हायचे, म्हणून आत्याने तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. तो भोंगा कित्येक महिने गप्प राहिला, आणि ते आत्याला फार लागलं.

भोंगा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत गोष्टी लिहायची. गेममधली गोष्ट म्हणजे, आत्याच्या समजुतीने, मारामारी सुरू व्हायच्या आधीची बडबड. तरी एका मंगळवारी सकाळी भाचीचा फोन आला, "आमच्या गेममध्ये एक कुलूप आहे, त्याचा आवाज खोटा वाटतोय, तू खरा देशील का?" आणि आत्याने पिशवीत नऊ जुनी कुलपं भरली. बोलणं सुरू होतंय ना, मग निमित्त कुठलंही असो.

कंपनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि सहा माणसं. वायरी इतक्या, की आत्या पाय उचलून उचलून चालली. आवाज टिपणाऱ्या मुलाने तिला रजया कोंबलेल्या एका कपाटाशेजारी बसवलं, आणि तिने एकेक कुलूप दोनदा उघडलं, दोनदा लावलं. नववं कुलूप ऐकून तो आवाजवाला कानावरचे हेडफोन दाबत म्हणाला, "हे काय जबरदस्त आहे!"

"गोदामाचं आहे," आत्या म्हणाली. "आता हे कुठे वाजणार ते दाखवा. माझा आवाज कुठल्या दाराला लावताय ते मला कळायला नको?"

भोंग्याने तिला पडद्यासमोर बसवून गोष्ट सांगितली. एक मुलगी बऱ्याच वर्षांनी आजोबांच्या घरी येते. आजोबा बोलत नाहीत. घरात फिरायचं, वस्तू बघायच्या, शेजाऱ्यांशी बोलायचं आणि आजीचं काय झालं ते शोधायचं. आजोबांच्या खाटेखाली एक पेटी आहे, ती उघडली की पत्र सापडतं आणि सगळा उलगडा होतो. शुक्रवारी गेम बाजारात नेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बाई बघायला येणार होत्या. त्यांना पटला तर ठीक, नाहीतर भोंग्याची गोष्ट काढून टाकायची, पेटीत तलवारी भरायच्या आणि जिन्यावर शत्रू उभे करायचे, हे कंपनीच्या मालकाने सांगून ठेवलं होतं. त्याला सगळे कप्तान म्हणत, कारण त्याचा पहिला गेम जहाजाचा होता आणि तो बुडाला होता.

"बारा जणांना खेळायला दिला," कप्तान म्हणाला. "सगळे म्हणाले, छान आहे."

"मग घोडं कुठे अडलं?"

"पेटी उघडल्यावर एकही जण पुढे खेळला नाही."

आत्याने बटणांचं ते खेळणं हातात घेतलं. पहिली दहा मिनिटं पडद्यावरची पोरगी भिंतीला धडका देत होती. मग हात बसला. तिने घरातलं प्रत्येक दार उघडून पाहिलं. आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायचं एक कोडं होतं, ते तिने एका झटक्यात सोडवलं आणि मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. शेवटी ती खाटेखालच्या पेटीशी आली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘केसातली पिन वापरून कुलूप उघडा.’

आत्याचा हात थांबला. "म्हातारा कुठाय?"

"तो व्हरांड्यात आहे. त्याचं काही नाही, तू बटण दाब."

"पेटी त्याची. त्याला विचारायला नको?"

ती पोरीला चालवत व्हरांड्यात गेली. म्हातारा खुर्चीत बसला होता. जवळ जाऊन बटण दाबलं की तो एकच वाक्य म्हणायचा, "आज वारा पडलाय." तिने पुन्हा दाबलं. "आज वारा पडलाय." ती समोर उभी राहिली, बाजूला बसली, घड्याळ आणून दाखवायला गेली. वारा पडलेलाच. आवाजवाल्याला हसू आवरेना, भोंगा नखं खात होती, आणि आत्या वीस मिनिटं त्या म्हाताऱ्यापाशी ठिय्या देऊन बसली.

"आत्या, पेटी उघडल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही गं!"

"मग नको जाऊ दे." तिने खेळणं टेबलावर ठेवलं. "भोंग्या, खरं सांगू? किल्ली फिरवली की हाताला कळतं, आत काहीतरी सरकलं. तुझ्या गेममध्ये मी काहीही केलं तरी आत काही सरकत नाही. त्याचं घड्याळ चालू करून दिलं, तर त्याने एक शब्द वेगळा काढू नये? सगळी दारं उघडायलाच पाहिजेत असं माझं म्हणणं नाही. पण बंद दार कुणीतरी बंद केलेलं असावं. तुझी अर्धी दारं नुसती भिंतीवर रंगवलीयत."

"आणि पेटी?" कप्तानाने विचारलं.

आत्याने पेटी उघडून घेतली, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने, स्वतः पाठ फिरवून. मग पत्र वाचलं. गोड पत्र होतं.

"हे तू घाईत लिहिलंस. पेटीत काय आहे ते तुलाच माहीत नाही."

"आत्या, हा गेम आहे. आपली पेटी इथे आणू नकोस."

"मी आणली? पडद्यावर बघ, हातभर लांब, कडी उजवीकडे वाकलेली. मी आणली होय?"

भोंगा उठली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसली. आत्याला स्वतःच्या जिभेचा राग आला. आत्ता कुठे बोलायला लागलेली पोर, आणि आपण तिचं काम सगळ्यांसमोर उघडं पाडलं. पण बोललं ते खरं होतं, आणि खरं मागे घेणं तिला कधी जमलेलं नव्हतं. ती कुलपं पिशवीत भरत राहिली.

पाव तासाने भोंगा आत आली. डोळे लाल, हातात वही.

"समजा, पेटी न उघडता कुणी त्याच्याशेजारी बसून राहिलं. तर तो किती वेळाने बोलेल?"

आत्याने पिशवी खाली ठेवली. "लगेच नको. माणूस किल्ली अशी काढून देत नाही. पण तू बसलीयस हे त्याच्या लक्षात येतंय, एवढं तरी दिसू दे. एकदा बघेल, एकदा खुर्ची सरकवेल. नाहीतर बसणारा कशाच्या भरवशावर बसेल?"

"आणि पेटी फोडली तर?"

"तर फुटेल की. फोडता येतंच. पण मग त्याने आयुष्यभर विसरू नये."

तीन दिवस सहाही जणांनी मान मोडून काम केलं. शुक्रवारी पाहुण्या बाई आल्या, तेव्हा आत्या ‘एक कानस इथेच राहिली वाटतं’ असं सांगून हजर होती. बाईंना घाई होती. त्या भराभर खोल्या फिरल्या, पेटी दिसली, पिन काढली, कुलूप उघडलं. आतलं पत्र आता फाटकं होतं, अर्धंच. त्या व्हरांड्यात गेल्या. म्हातारा काही बोलला नाही. तो उठला, आपल्या खोलीत गेला, आणि आतून गोदामाचं ते नववं कुलूप लागलं, खटाक्. बाईंनी दार ठोठावलं. शेजाऱ्यांना विचारून आल्या, घड्याळ दुरुस्त करून आणलं. दार बंदच.

"हे आता उघडणारच नाही?"

"नाही," भोंगा म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. कप्तानाने डोळे मिटून घेतले.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला पहिल्यापासून खेळायचंय." त्या दुपारी जेवायलाही उठल्या नाहीत. जाताना ‘छान आहे’ म्हणाल्या नाहीत. उलट शेजारणीच्या एका वाक्यावरून भोंग्याशी दारातच वाद घालत बसल्या, आणि तेव्हाच आत्याने ओळखलं की गोष्ट तरली. कप्तानानेही ओळखलं असावं, कारण त्याने आत्याला विचारलं, दर मंगळवारी येऊन बसाल का. ती म्हणाली, "येईन. पण मालक दारात उभा असेल तर."

सोमवारी सकाळी दुकानाची फळी उघडते आहे तोच समोर वहिनी. काखेत पेटी, मागे भोंगा.

"वन्सं, काल हिने तो गेम माझ्या हातात दिला," वहिनी म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्यापाशी मी अर्धा तास बसले. त्याने घड्याळातून किल्ली काढली आणि म्हणाला, तू विचारलंस म्हणून." त्या डुगडुगत्या स्टुलावर बसल्या, आणि लगेच उठून उभ्या राहिल्या. "मला भीती वाटत होती. ही उघडली की हे खरंच गेले असं होईल. आता उघडा. मी उभी आहे."

आत्याने पेटी शिकंज्यापाशी घेतली आणि पहिल्यांदाच कुलपात वाकून पाहिलं. आत काहीतरी अडकलेलं होतं. चिमट्याने तिने ते हळूच ओढून काढलं. किल्लीचा तुटका तुकडा, वेडेवाकडे घासलेले दाते. किल्ली हरवलेली नव्हतीच. आत गेली होती आणि बाहेर आली नव्हती. ते दाते कुणी घासले हे आत्याला विचारावं लागलं नाही.

तिने तार घातली, कुलूप सुटलं, आणि ती भिंतीकडे वळली. "एक कानस. दोन कानशी. तीन..." मागे झाकण करकरलं. "तीन... तीन..."

मग भोंगा वाजला. हसतेय की रडतेय काही कळेना, पण चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"वन्सं, वळा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बघायचं आहे हे."

मालकिणीनेच सांगितलं, मग आत्या वळली. पेटीत किल्ल्या होत्या. वीस-पंचवीस तरी, सगळ्या हाताने घासलेल्या, एकही धड नाही, आणि तळाशी वडिलांची जुनी कानस.

"रविवारी दुपारी मी झोपले की खुडबुड चालायची," वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचं, उंदीर."

आत्याने एक किल्ली उचलून उजेडात धरली. "उलट्या बाजूने घासलीस रे, गाढवा," ती म्हणाली. "विचारायचं होतंस की." आणि त्या दोघींसमोर, दुकानाची फळी सताड उघडी असताना, ती रडली.